हलकी गोळी, योग्य पावडर आणि एका बाराचा खर्च

अमेरिकेत नेब्रास्का, वायोमिंग, साउथ डकोटा या भागातल्या दुकानांत रायफलच्या पावडरचा एक पौंडाचा डबा आज साधारण ४० ते ५० डॉलरला मिळतो. फिनलंडहून येणारी व्हिटावूरी घेतली तर त्याहून दहा-पंधरा डॉलर जास्तच. २०१९ पर्यंत असाच डबा २५-३० डॉलरला येत असे. भाव एवढे चढल्यापासून घरी काडतुसं भरणारा माणूस दुकानात शिरला की आधी फळीवरच्या किमती वाचतो आणि पाच-सात डॉलर वाचतात म्हणून हाताला येईल तो डबा उचलतो. हलक्या गोळ्यांच्या बाबतीत तर ही काटकसर हटकून अंगाशी येते. पावडर हा एका काडतुसाच्या खर्चातला लहान वाटा आहे. पण ती चुकली तर गोळी, नळी आणि शिकारीचा दिवस असं सगळंच वाया जातं.

कुरणं पोखरणारे प्रेअरी डॉग, कोकरं उचलणारे कायोटी, पेरणी उकरणाऱ्या जमिनीतल्या खारी अशा उपद्रवी जनावरांना तिकडे वार्मिंट म्हणतात. त्यांच्यासाठी .२२३ रेमिंग्टन, .२२-२५०, .२०४ रुगर, .२२ हॉर्नेट, कधी .२४३ विंचेस्टर अशा रायफली वापरतात आणि गोळी असते ३५ पासून ५५-५८ ग्रेनपर्यंतची. अंतर दोनशे-तीनशे यार्डांचं, निशाण मुठीएवढं आणि दिवसाला बार शेकड्यांनी. त्यामुळे काडतुसं विकत आणायची की घरी भरायची हा प्रश्न इथे खरोखर पैशांचा होतो. अमेरिकेत स्थायिक झालेली जी मराठी मंडळी शेजारपाजारच्या शिकाऱ्यांच्या संगतीने या छंदाकडे वळतात, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडतो आहे. भाव ठोकळमानाने धरले आहेत. गावोगावी आणि महिन्यागणिक ते थोडे हलतात.

एका बाराला किती पडतं

एका पौंडात ७००० ग्रेन. .२२३ च्या पुंगळीत हलक्या गोळीमागे साधारण २५ ग्रेन पावडर जाते असं धरू. (हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे, काडतूस भरण्याचं माप म्हणून तो कोणीही वापरू नये. माप पावडर किंवा गोळी कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचं.) म्हणजे एका पौंडात २८० काडतुसं होतात आणि ४५ डॉलरच्या डब्याने एका बाराला १६ सेंट पडतात. .२२-२५० ची पुंगळी मोठी, तिला ३५-३६ ग्रेन धरले तर पौंडात १९५ च्या आसपास काडतुसं, बाराला २३ सेंट. .२२ हॉर्नेट इवलीशी, तिचं आठ सेंटांत भागतं. .२४३ मध्ये हलकी गोळी घातली तर २८ सेंटांच्या घरात जातं.

आता बाकीचं बघा. हॉर्नडी व्ही-मॅक्स, नॉस्लर बॅलिस्टिक टिप, सिएरा ब्लिट्झकिंग यांतली कोणतीही चांगली गोळी २५ ते ३० सेंटांना. प्रायमर हजारी ७०-८० डॉलर, म्हणजे एकाला आठ सेंट. पुंगळी नवी घेतली तर ६०-७० सेंट, पण ती आठ-दहा वेळा भरता येते, म्हणून तिचे सात-आठ सेंट. एकूण .२२३ चं एक काडतूस ६० सेंटांच्या आसपास तयार होतं. याच दर्जाचं तयार काडतूस दुकानात सव्वा ते दीड डॉलरला आहे. बाराला ७० सेंट वाचले असं धरलं आणि प्रेस, डाय, तराजू, कॅलिपर, पुंगळ्या कापायचं नि साफ करायचं सामान यांवर ६०० डॉलर घातले, तर साडेआठशे-नऊशे बारांनंतर सामानाचे पैसे फिटतात. प्रेअरी डॉगच्या मागे जाणाऱ्याला तेवढे बार काढायला एक मोसम पुरतो. वर्षाला दोन कायोटी मारणाऱ्याने मात्र या फंदात पैसे वाचवायला म्हणून पडू नये. त्याने दुकानातल्या चार पेट्या आणाव्यात. नुसत्या चांदमारीसाठी साधी तांब्याने मढवलेली ५५ ग्रेनची गोळी हवी असेल तर ते तयार काडतूस ५० सेंटांच्या आतबाहेर मिळतं. तिथे घरी भरून काही हाती लागत नाही.

या हिशेबात एक गोष्ट स्पष्ट दिसते. ४० डॉलरचा डबा आणि ५० डॉलरचा डबा यांत दर बाराला फरक पडतो तो साडेतीन सेंटांचा. ६० सेंटांच्या काडतुसात साडेतीन सेंट. बाकीचे ४०-४५ सेंट तुम्ही गोळी, प्रायमर आणि पुंगळीवर आधीच घातलेले असतात, आणि ते सत्कारणी लागतात की नाही हे त्या पावडरीवर ठरतं.

हलक्या गोळीला लवकर जळणारी

धूर न करणारी पावडर स्फोट होऊन उडत नाही, ती जळते. किती वेगाने जळते यावर तिची जात ठरते. जड गोळी नळीत सावकाश सरकते, मागे दाब टिकतो आणि हळू जळणाऱ्या पावडरीला पुरतं जळायला अवसर मिळतो. हलकी गोळी चटकन पुढे पळते. तिच्यामागची जागा झपाट्याने वाढते आणि हळू पावडर दाब धरेपर्यंत गोळी नळीच्या तोंडाशी पोचलेली असते. मग वेग कमी, एका बाराचा वेग दुसऱ्याशी जुळत नाही, नळीत अर्धवट जळलेले दाणे राहतात, आणि निशाणावर भोकं दूर दूर पडतात. म्हणून ४० ग्रेनच्या गोळीला ७७ ग्रेनच्या गोळीपेक्षा लवकर जळणारी पावडर लागते. पण फार लवकर जळणारी घेतली तर दाब एकदम चढतो आणि वेग मिळायच्या आत पुंगळी आणि रायफल यांच्या सहनशक्तीची हद्द येते. या दोन टोकांमधली योग्य जागा पुंगळीच्या आकारावर ठरते. .२२ हॉर्नेटला जी पावडर शोभते ती .२२-२५० मध्ये घालणं म्हणजे आफतीला आमंत्रण.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पुंगळी किती भरते. मॅन्युअलमधल्या मापाने पुंगळी नव्वद-पंचाण्णव टक्के भरत असेल तर प्रायमरची ठिणगी दर वेळी सारख्याच ढिगाला लागते आणि वेग सारखा राहतो. शिवाय चुकून दुप्पट माप पडलं तर ते पुंगळीबाहेर सांडतं आणि डोळ्यांना दिसतं. अर्धीच भरणाऱ्या पावडरीत ही चूक लपून राहते. थोडी महाग पण पुंगळी भरणारी पावडर आणि स्वस्त पण निम्मीच भरणारी यांत निवड करायची झाली तर नवख्याने पहिलीच घ्यावी. इथे पैशांचा विचार मधे आणायचं कारण नाही.

फळीवरचे डबे

बाजारात नावं पुष्कळ दिसतात, विकणारे हात मात्र थोडे आहेत. हॉजडन, आयएमआर, विंचेस्टर, अ‍ॅक्युरेट, रॅमशॉट या पाचही नावांच्या पावडरी आज कॅन्ससमधल्या हॉजडन कंपनीमार्फत विकल्या जातात. अ‍ॅक्युरेट आणि रॅमशॉट तिने २०२० मध्ये घेतल्या. बनतात मात्र त्या जगभर. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पावडरी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथे तयार होतात, रॅमशॉटच्या बेल्जियममध्ये, गोल दाण्यांच्या बऱ्याचशा फ्लोरिडातल्या सेंट मार्क्समध्ये. म्हणून एक नाव फळीवरून गायब झालं की पलीकडचं दुसरं मुबलक दिसतं. टंचाईत हे लक्षात ठेवलेलं बरं.

दाणा दोन तऱ्हेचा असतो. एक गोल, खसखशीसारखा. दुसरा बारीक कापलेल्या काड्यांचा. फरक मापयंत्राच्या दांडीवर हात ठेवला की कळतो. गोल दाणा पाण्यासारखा वाहतो, दांडी वरखाली केली की दर वेळी तेवढीच पावडर पुंगळीत उतरते. आयएमआर ४०६४ किंवा ३०३१ सारखी लांब काडी असली की आतल्या फिरत्या नळकांड्याच्या कडेला एखादी काडी अडकते, दांडी मध्येच थबकते, जोर लावल्यावर काडी तुटल्याची बारीक कच हाताला जाणवते, आणि त्या पुंगळीचं माप दोन-तीन दशांश ग्रेनने चुकलेलं असतं. मग प्रत्येक माप तराजूवर घालून चिमटीने पुरं करत बसावं लागतं. वीस काडतुसं भरायची असतील तर त्याला कोणाची ना नाही. प्रेअरी डॉगच्या सहलीसाठी पाचशे भरायची असतील तर दोन संध्याकाळी जातात. वेळेला मोल देणाऱ्याने हा खर्चही धरावा.

.२२३ आणि ५०-५५ ग्रेनच्या गोळीसाठी एच ३३५ ही जुनी, सहज मिळणारी, सहसा खिशाला हलकी पावडर. अमेरिकी लष्कराच्या ५५ ग्रेनच्या ५.५६ काडतुसात जी वापरत त्याच जातकुळीची, गोल दाण्याची, मापाला सरळ. तिचे दोन दोष आहेत. नळी काळी करते आणि ऊन चढलं की दाब चढवते. रॅमशॉट एक्स-टर्मिनेटर तिच्याच वेगाच्या आसपास जळते, माप तितकंच सरळ पडतं आणि नळी स्वच्छ राहते. दोन-तीन डॉलरच्या फरकाने मिळत असेल तर मी हिलाच पुढे ठेवीन. सीएफई २२३ हिच्यात गोळीवरचं तांबं नळीत चिकटू न देणारं द्रव्य घातलेलं असतं. दिवसभर शेकडो बार काढणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, पण ती थोडी हळू जळणारी आहे, त्यामुळे ५५ ग्रेन आणि त्यापुढे तिचं खरं काम. ४० ग्रेनखाली ती घ्यायची गरज नाही.

काडीदाण्यात हलक्या गोळीसाठी माझी पसंती बेंचमार्क किंवा आयएमआर ८२०८ एक्सबीआर. दोन्हींची काडी इतकी आखूड असते की मापयंत्रातून बिनतक्रार उतरते, आणि थंडी-उन्हात दोन्ही स्थिर राहतात. .२०४ रुगरलाही त्याच चालतात. व्हिटावूरी एन १३३ ही अचूकतेच्या स्पर्धांत नावाजलेली. पण तिच्यासाठी बाराला पाच-सहा सेंट जास्त मोजून जो फरक मिळतो तो कागदावरच्या निशाणात दिसतो. गवतात उभ्या राहिलेल्या प्रेअरी डॉगवर तो दिसेलच असं नाही.

वार्गेटबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ही पावडर उत्तम आहे यात वाद नाही. मागणी इतकी की टंचाईत सगळ्यांत आधी तीच संपते आणि तिचा भाव नावावर वाढतो. पण .२२३ मध्ये ४०-५० ग्रेनच्या गोळीमागे ती हळू पडते. पुंगळी गच्च भरते, तरी बेंचमार्कइतका वेग येत नाही. .२२-२५० मध्ये ५०-५५ ग्रेनला, किंवा .२२३ मध्ये ६९-७७ ग्रेनच्या जड गोळीला ती घ्यावी, तिथे तिचे पैसे वसूल होतात. सगळे घेतात म्हणून हलक्या गोळीसाठी वार्गेट घेणारा माणूस जास्त पैसे देऊन कमी घेतो.

.२२-२५० साठी एच ३८० चं नाव नेहमी निघतं. हॉजडन कंपनीचे संस्थापक ब्रूस हॉजडन स्वतः ५२ ग्रेनच्या गोळीमागे ३८ ग्रेन वापरत, त्यावरून ते नाव पडलं. त्यांच्या त्या रायफलीत, त्या खेपेच्या पावडरीचं ते माप होतं. डब्यावरचा आकडा माप समजून पुंगळीत ओतू नका. एच ४८९५ ही सगळ्यांत हरकामी. .२२३ पासून .२४३ पर्यंत कुठेही बसते, आणि मुलांना शिकवताना धक्का व आवाज कमी हवा असेल तर कमी माप घालण्यासाठी हॉजडन स्वतः हिचंच नाव सुचवते. त्याची पद्धत त्यांनी छापलेली आहे, तशीच पाळावी. दुसऱ्या पावडरींची मापं मनाने कमी करू नयेत, विशेषतः हळू जळणाऱ्या गोल दाण्यांची. .२२ हॉर्नेटसाठी लिल गन किंवा अ‍ॅक्युरेट १६८० बघा. तिथे एक डबा वर्ष-दोन वर्षं पुरतो, भावाची चिंताच नको.

एक इशारा. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. ४१९८ चंही तसंच. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. ऑस्ट्रेलियात मात्र उलट आहे. तिथे एडीआय या तिथल्याच पावडर कंपनीच्या डब्यावर एआर २२०६एच लिहिलं असेल तर ती एच ४८९५, एआर २२०८ म्हणजे वार्गेट, एआर २२१९ म्हणजे एच ३२२. मेलबर्न-सिडनीकडच्या वाचकांनी अमेरिकी नावाचा आयात डबा शोधत बसू नये. सशा-कोल्ह्यांसाठी लागणारी पावडर त्यांच्याच देशात बनते.

ऊन, थंडी आणि नळीची झीज

प्रेअरी डॉगचा मोसम ऐन उन्हाळ्यात. रायफलची नळी बारामागून बार काढून तापलेली असते, काडतुसांची पेटी उन्हात, आणि काडतूस भरल्यावर नेम धरेपर्यंत ते गरम चेंबरमध्ये शेकत राहतं. फेब्रुवारीत भरून बघितलेलं माप तेव्हा बिनधोक वाटलेलं असलं तरी जुलैत त्याच मापाचा दाब वाढतो. बोल्ट उचलायला जड जातो, प्रायमर चपटे दिसतात, पुंगळीचा प्रायमर धरणारा खळगा सैल पडतो आणि आठ-दहा वेळा चालायची पुंगळी तीन वेळांत टाकून द्यावी लागते. त्यामुळे पुंगळीचा खर्च सात सेंटांवरून वीसच्या पुढे जातो. उन्हाला दाब चढवणारी पावडर स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर तिची बचत अशी निघून जाते. एच ३३५ वापरायचीच असेल तर माप उन्हाळ्यात ठरवा आणि वरच्या टोकापासून चांगलं खाली राहा. कडाक्याच्या थंडीत कायोटीवर जाणाऱ्याची अडचण उलटी. तिथे गोल दाणा पेटायला कुरकुरतो. मॅन्युअलने त्या पावडरीला मॅग्नम प्रायमर सांगितला असेल तर तोच वापरावा, आणि प्रायमर बदलला की माप पुन्हा खालपासून सुरू करावं.

नळीचा खर्च बहुतेक लोक धरतच नाहीत. नवी नळी बसवून घ्यायला सात-आठशे डॉलर सहज लागतात. .२२-२५० ची नळी तापवून तापवून, कमाल मापाने वापरली तर दोन हजार बारांच्या आसपास तिचा घसा झिजतो. ८०० भागिले २०००, म्हणजे बाराला ४० सेंट. पावडरीच्या २३ सेंटांपेक्षा हा खर्च मोठा आहे. .२२३ ची नळी याच्या दुप्पट किंवा जास्त टिकते. सेकंदाला शेवटच्या शंभर फुटांच्या वेगासाठी मापाच्या टोकाला जाणाऱ्याने हे गणित समोर ठेवावं. अडीचशे यार्डांवरच्या प्रेअरी डॉगला तो शंभर फुटांचा फरक कळत नाही, पण तुमच्या नळीला कळतो. मधल्या मापावर थांबा, दहा-पंधरा बारांनी रायफल बाजूला ठेवून निवू द्या. सोबत दुसरी रायफल असेल तर आलटून पालटून वापरा.

जुन्या रायफलींच्या नळीचा पीळ बारा इंचांना एक असा असतो, तो ४०-५५ ग्रेनला छान जुळतो. आताच्या सात-आठ इंचांना एक पिळाच्या रायफलीत फार पातळ आवरणाच्या हलक्या गोळ्या वेगाने गरगरून हवेतच फुटू शकतात. त्या गोळ्यांच्या पेटीवर वेगाची मर्यादा लिहिलेली असते. पावडर निवडण्याआधी ती वाचा, कारण अशा गोळीला जास्त वेग देणारी महाग पावडर घेणं म्हणजे पैसे देऊन निशाण चुकवणं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यजीवाच्या शिकारीला शिशाविरहित गोळी सक्तीची आहे. ती त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, पुंगळीत जास्त जागा अडवते आणि दाब वेगळा येतो. तिचं माप तिच्याच तक्त्यातून घ्यायचं.

कुठून आणि किती

घरबसल्या मागवलेल्या पावडरीवर घातक मालाचं वेगळं शुल्क लागतं, दर खेपेला साधारण ३० डॉलर, वर पाठवणावळ. ४५ डॉलरचा एकच डबा मागवला तर तो ८५ ला पडतो आणि बाराचे १६ सेंट ३० वर जातात. एकटा डबा हवा असेल तर गावातल्या दुकानात पाच डॉलर जास्त देऊन घ्या, तोच स्वस्त. मागवायचंच असेल तर प्रायमर आणि पावडर एकाच खेपेत मागवा, किंवा क्लबातल्या चौघांनी मिळून मागणी नोंदवा. काही दुकानं सणासुदीला हे शुल्क माफ करतात, तेव्हा मोठी खरेदी करावी.

आठ पौंडांचं पिंप ३०० डॉलरच्या आसपास मिळालं तर पौंडाला साडेसदतीस पडतात, बाराला साडेतेरा सेंट आणि .२२३ ची बावीसशेच्या वर काडतुसं होतात. पण पैशांपेक्षा मोठा फायदा म्हणजे सगळी पावडर एकाच खेपेची असते. डब्यावरचा खेप क्रमांक बदलला की तीच पावडर थोडी वेगळी वागते आणि माप पुन्हा खालून चढवत आणावं लागतं, त्यात पन्नास-साठ काडतुसं खर्ची पडतात. आधी मात्र एक पौंड घेऊन आपल्या रायफलीत बघा, आवडली तर मगच पिंप. चार-चार पावडरींचे डबे आणून ‘बघू कोणती चालते’ म्हणणाऱ्याचे दोनशे डॉलर फळीवर अडकतात. पावडर कंपनीचा तक्ता आणि गोळी कंपनीचा तक्ता समोर ठेवा. दोन्हींत तुमच्या गोळीच्या वजनाला जी पावडर आहे, अशा दोन निवडा, त्यापलीकडे जायचं कारण नाही. हॉजडन, व्हिटावूरी, नॉस्लर यांचे तक्ते फुकट बघायला मिळतात, आणि छापील मॅन्युअलचे ३०-५० डॉलर या छंदातले सगळ्यांत सत्कारणी लागणारे पैसे.

युक्रेनमधल्या युद्धामुळे २०२२ पासून तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हा अलायंट पावडर जिच्याकडे होती त्या विस्टा आउटडोअरने जागतिक टंचाईचं कारण देऊन दरवाढ कळवली होती. टंचाईत फसवणारेही निघतात. वार्गेट निम्म्या भावात, घातक मालाचं शुल्क नाही आणि पैसे झेल या अ‍ॅपने किंवा आभासी चलनात मागतात, असं दुकान खोटं समजावं. खासगी माणसाला पावडर टपालाने किंवा कुरिअरने पाठवता येत नाही, ते बेकायदेशीर आहे. जुन्या सामानाच्या विक्रीत उघडलेला अर्धा डबा दहा डॉलरला मिळाला तरी घेऊ नये. आत डब्यावर लिहिलेलीच पावडर आहे हे सांगता येत नाही, आणि दोन दिसायला सारख्या पावडरींच्या जळण्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतूस म्हणजे सुटी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडरसुद्धा. मित्राच्या नावाने घेतलेला एक डबा तुमच्या कपाटात सापडला तरी गुन्हा होतो आणि व्हिसा धोक्यात येतो. या मनाईला अपवाद आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना जवळ असेल तर ही मनाई लागत नाही. म्हणून आधी शिकारीचं प्रशिक्षण आणि परवाना, त्याच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवर, आणि मग पावडर. राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात, ते वकिलाला विचारून घ्यावेत. ग्रीन कार्डवाल्यांना केंद्रीय कायद्याची ही अट नाही. स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, पण धंदा म्हणून भरून विकायची तर लागतो.

शिकारीची जागाही तपासा. यूटा प्रेअरी डॉग ही जात केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे, आणि साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनसारख्या ठिकाणी काळ्या पायांच्या फेरेटसाठी प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला बंदी आहे. पावडर किंवा प्रायमर विमानात नेता येत नाहीत, हातातल्या सामानातही नाही आणि खालच्या सामानातही नाही. भारतात तर प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने शिकार बंद आहे आणि विनापरवाना काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे.

घरात ठेवताना

अमेरिकेत सर्वत्र आधाराला घेतल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा नियमांप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यांतली २० पौंडांपर्यंत पावडर ठेवता येते, २० ते ५० पौंडांसाठी किमान एक इंच जाडीच्या लाकडाची पेटी लागते, आणि प्रायमर १०,००० पर्यंत. काही शहरांची मर्यादा याहून कमी आहे, घरविमा देणाऱ्या कंपनीच्याही अटी असतात. पावडर तिजोरीत किंवा घट्ट बंद लोखंडी पेटीत कोंडू नये. आग लागली तर उघड्यावर ती भडकून जळते, कोंडलेली असली तर फुटते. थंड, कोरडी जागा, मुलांच्या हाताबाहेर, प्रायमरपासून दूर.

टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा. काम संपलं की मापयंत्रातली पावडर त्याच डब्यात परत, रात्रभर यंत्रात ठेवायची नाही. सकाळी ती कोणती होती याची खात्री देता येत नाही. पन्नास पुंगळ्यांचा ट्रे भरून झाला की गोळ्या बसवण्याआधी विजेरी धरून प्रत्येक पुंगळीत पावडरची पातळी बघा, एखादी उंच किंवा खोल दिसली तर ती ओतून पुन्हा तोला. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा आत तांबूस धूळ दिसली तर ती पावडर नासली, ती वापरायची नाही. आणि भरलेल्या काडतुसांच्या पेटीवर पावडरचं नाव, खेप क्रमांक, मापाचं वजन, गोळी, प्रायमर आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच डबा संपला की दुकानात काय मागायचं ते त्या चिठ्ठीवरून कळेल.